कोटावरची फुंकर

लॉकडाउनमध्ये मी एका आजींचा तासभर व्हिडिओ काढला आणि त्यात आजी सोडून फक्त मीच आलो. सेल्फी कॅमेरा चालू राहिला होता. आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावात क्वचित पडणारं ऊन नेमकं त्याच दुपारी स्क्रीनवर पडलं, म्हणून मला काही दिसलं नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, हे इथे न सांगितलेलंच बरं.

आजी आमच्याच रस्त्यावर राहायच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्यांनी फरचे कोट शिवले. दुकान केव्हाच बंद झालं. टोरांटोच्या नातीला त्यातला एकही कोट नको होता. "निदान कोणाचा हात कसा चालायचा, हे तरी तिला दिसू दे," म्हणून त्यांनी मला बागेत बोलावलं. आजी एकेका कोटावर हलकी फुंकर घालायच्या. केस बाजूला झाले की खालची शिवण दिसायची. "ही माझ्या आजोबांची, घट्ट. ही आईची. ती दमली की टाके लांब पडायचे." मग स्वतःच दमून डोळे मिटायच्या आणि पुढचा कोट मांडीवर ओढायच्या.

संध्याकाळी त्यांच्या फाटकापाशी फोन पुढे करून मी माफी मागितली. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'चालतंय', असं म्हणत त्या चष्मा लावून बघत राहिल्या. फोनमधून त्यांचा थकलेला आवाज आजोबांबद्दल सांगत होता आणि स्क्रीनवर मी आ वासून जांभई देत होतो.

"उद्या परत काढू या," मी म्हणालो.

"कशाला? नातीला हाच पाठवते. मी बोलायला लागले की व्हिडिओ कॉलवर तिचंही तोंड अस्संच होतं. फक्त ती तुझ्यापेक्षा दिसायला बरी आहे."