आईची बाजू

भोरला माझे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंच्या मशीनवर मोबाईल कायम चालू असतो. मध्यंतरी त्या एक पॉडकास्ट ऐकत होत्या. त्यात एक आई आपल्या धडधाकट मुलीला नको ती औषधं देऊन आजारी पाडते आणि दवाखान्यांतून फिरवत राहते.

"लई एकतर्फी सांगतोय ह्यो," दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना इचारलं, पोलिसांना इचारलं. आईला कुणी इचारलं का?"

मीही तो ऐकला होता. निवेदकानं पहिल्याच भागात आईला दोषी ठरवून टाकलं होतं, हे मलाही खटकलं होतं. तसं मी बोललेही.

"व्हय की नाय, ताई? लेकराचं दुखणं आईलाच कळतं."

तेवढ्यात त्यांची सात वर्षांची लेक उड्या मारत शाळेतून आली. बाईंनी मशीन थांबवून तिच्या कपाळाला हात लावला.

"बघा, परत ताप आलाय."

मी हात लावून पाहिलं. कपाळ गार होतं.

"ताप नाही हो हिला."

"तुमाला न्हाई कळायचं," बाई मायेनं हसल्या आणि त्यांनी फळीवरची औषधाची बाटली काढली. बाटली दिसताच लेक चटईवर आडवी झाली आणि हळूहळू कण्हू लागली.