वाकड्या खांबांची प्लेट

माझे भाऊजी पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांचं आणि ताईचं अजून काही ठरलेलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते टेबलाकडे. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली आम्ही पुठ्ठ्याची घडी सरकवून वर्षं काढली होती. जेवण होईपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. मग खाली वाकून पुठ्ठा काढला, खिशातली पट्टी लावली आणि आईला म्हणाले, "करवत असेल तर बाकीचे तीन पाय बरोबर करून देतो." आई स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, मुलगा जरा चक्रम दिसतोय. ताईनं मात्र नंतर टेबलावर तळहात दाबून बघितला. टेबल हललं नाही, आणि माझ्या मते लग्न तिथेच ठरलं.

पुढे त्यांनीच मला त्यांच्या संशोधन संस्थेत चिकटवलं. ते तळघरातल्या वर्कशॉपमध्ये, मी इलेक्ट्रिशियन, म्हणजे सगळीकडे आणि कुठेच नाही. वरच्या मजल्यांवरचे लोक कागदावर काहीतरी काढून खाली पाठवायचे आणि भाऊजी ते धातूत उतरवून वर पाठवायचे. त्यांच्या कामात खोड काढायची कुणाची टाप नव्हती, कारण त्यांनी स्वतः आधी सगळ्या काढलेल्या असायच्या. 'चालतंय' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. मी एकदा स्विचबोर्ड जरासा तिरपा बसवला आणि म्हणालो, चालतंय की. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बायकोचा भाऊ म्हणून सूट वगैरे काही नाही, उलट जास्त जाच.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी संशोधन करायची. पदवी अजून हातात यायची होती, पण आम्ही तिला तोंडावरच डॉक्टरीणबाई म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. ती भाऊजींना काका म्हणायची, मला दादा. तिला एक असा रस्ता बनवायचा होता की ज्यावरून आवाज वळणं घेत जाईल आणि वाटेत अडथळा आला तरी मागे फिरणार नाही.

"खरा खेळ इलेक्ट्रॉनांचा," तिनं आम्हाला सांगितलं होतं. "काही पदार्थ आतून वीज जाऊ देत नाहीत, पण त्यांच्या कडेकडेनं ती बिनबोभाट वाहते. मध्ये खोट असली तरी अडत नाही. ते सगळं क्वांटमचं राज्य, बहुतेक वेळा भयंकर थंडीत. डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून तोच डाव आता लोक आवाजाच्या लाटांवर, प्रकाशावर खेळून बघतात."

"पण अडत का नाही?" मी विचारलं.

तिनं मला कमरेचा पट्टा काढायला लावला, त्याला एक पीळ दिला आणि टोकं जोडून माझ्या हातात दिला. "आता हा पीळ घालवून दाखवा." मी एका हातानं पँट सावरत पीळ इकडे ढकलला, तिकडे ढकलला. तो सरकायचा, जायचा नाही. "कापल्याशिवाय जाणार नाही," ती म्हणाली. "चुरगळा, ओढा, काही करा. आमची लाट अशा पिळाच्या भरवशावर चालते, म्हणून छोट्या-मोठ्या चुका तिला बाधत नाहीत." भाऊजी हसले. चुका बाधत नाहीत अशी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

प्लेट होती उघडलेल्या वर्तमानपत्राएवढी. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बोटभर उंचीचे शेकडो तिकोनी खांब, वर झाकण, आणि मधल्या पोकळीतून आवाज. भोकं मशीन पाडायचं, पण प्रत्येक खांब भोकात बसवून ठरलेल्या कोनात फिरवणं आणि तसाच चिकटवणं हे हाताचं काम. अर्ध्या प्लेटवरचे खांब एकीकडे वळलेले, उरलेल्या अर्ध्यावरचे दुसरीकडे. दोन्हींच्या मधली जी शिवण, तिच्यावरूनच आवाज जाणार होता.

आणि नेमका त्याच सुमाराला भाऊजींचा हात थरथरायला लागला होता.

आधी ताईच्या लक्षात आलं. चहा ढवळताना त्यांचा चमचा कपाच्या कडेला वाजत राहायचा. तिनं विचारलं तर म्हणाले, कपच बारका आहे. मग ते डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून काम करू लागले. वर्कशॉपमध्ये मी ते बघायचो आणि काही बोलायचो नाही. ज्या माणसानं मला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं, त्याला काय विचारणार? डॉक्टरचं नाव काढलं की ते टेबलाचा पाय तपासायला लागायचे, ते टेबल आता आमच्या घरातून त्यांच्या घरी गेलं होतं आणि अजूनही हलत नव्हतं.

असं काम वर देण्याआधी तपासायची त्यांची एक रीत होती. खांबांच्या दोन रांगांमधून टॉर्च मारायची आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. सगळे खांब एका कोनात असले तर उजेडाची सरळ फट दिसते. एकाचाही कोपरा पुढे आला असेल तर ती दातेरी होते. पहिली प्लेट झाल्यावर त्यांनी टॉर्च मारली आणि खाली बसले. मग ती उचलून वर घेऊन गेले.

"ही परत करून देतो. बरेच खांब फिरलेत."

डॉक्टरीणबाईला तारखेची घाई होती. तिची नोकरी मुदतीची, मुदत संपत आलेली, आणि पुढच्या जागेसाठी शोधनिबंध छापायला जाणं गरजेचं होतं. "आधी लावून तर बघू," ती म्हणाली. मी एका टोकाला बारका स्पीकर बसवला, ती मायक्रोफोन सरकवत गेली, आणि पडद्यावर शिवणीवरून आवाजाची एक चकचकीत रेघ उमटली. दोन वळणं घेतली तरी तिचं तेज कमी झालं नाही.

"बघितलंत काका? त्याला काही होत नाही. असू द्या तशीच. उलट बरंच आहे, चुका असूनही चालते हे दिसेल."

त्या संध्याकाळी भाऊजींनी स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताईला ती गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. "ही लाट वाकड्या खांबाला भीकच घालत नाही," असं म्हणून ते हसत होते. माझाही जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं होतं, आणि चमचा कपावर वाजत होता तरी कुणी तिकडे बघितलं नाही.

मग दुसरी प्लेट आली. ही साधी, तुलनेसाठी. सगळे खांब एकाच कोनात, मधली एक रांग काढून केलेला नेहमीचा रस्ता, पिळाबिळाची भानगड नाही. साध्या रस्त्यावर आवाज वळणाशी अडखळतो आणि आपल्या रस्त्यावर अडखळत नाही, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं होतं. भाऊजींनी ती पहिलीपेक्षा लवकर दिली. वर पोचवायला मीच गेलो. टॉर्च मारली का, हे मी विचारलं नाही, कारण त्या माणसाला असं कधी विचारावं लागलंच नव्हतं.

निकाल बघायला संस्थेचे साहेबसुद्धा आले. एका पडद्यावर ती चकचकीत रेघ, दुसऱ्यावर आवाज वळणापर्यंत पोचायच्या आधीच विझलेला. साहेब खूश. "इतका फरक? हे तर डोळ्यांत भरतंय," म्हणाले आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरीणबाईचे डोळे पाणावले होते. भाऊजी तेवढे दुसऱ्या पडद्याकडेच बघत होते.

सगळे गेल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. त्यांनी दुसरी प्लेट उचलली, झाकण काढलं, टॉर्च माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या टोकाला डोळा लावला. मग जागा बदलली आणि मला म्हणाले, "बघ."

मी बघितलं. फट कसली, करवतीचं पातं होतं.

"वळणाच्या आधी आवाज का मेला, कळलं? सरळ रस्त्यात मरायला नको होता. तो यांच्या शास्त्रानं नाही मेला, माझ्या हातानं मेला."

"टॉर्च मारली नव्हती तुम्ही?"

"नाही." ते स्टुलावर बसले. "म्हटलं, चालतंय."

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला भीतीच वाटली. मी म्हणालो, "कुणाला सांगू नका. तिचा निबंध जाऊ दे. आवाज तसाही वळणाशी अडखळणारच होता, जरा आधी अडखळला. आणि तुम्ही सांगितलंत तर पहिला प्रश्न येईल की खांब फिरले कसे. मग वर्कशॉप विसरा." मला तिची काळजी होती, पण त्यांची जास्त होती. माझं अजूनही म्हणणं आहे की मी काही अगदीच चूक बोललो नव्हतो.

"आणि उद्या कुणी दुसऱ्यानं साधी प्लेट बनवली, चांगली, आणि त्याचा आवाज वळणापर्यंत नीट गेला तर? तो म्हणेल, ही पोरगी खोटारडी आहे."

मी वायरी गुंडाळत राहिलो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ताईला सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, ताई माझी बाजू घेईल. तिनं काठोकाठ चहा भरलेला कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "उचला." त्यांनी डावा हात पुढे केला. "अहो, उजव्यानं."

त्यांनी उचलला. चहा बशीत सांडला, मग टेबलावर, मग त्यांच्या मांडीवर. त्यांनी कप खाली ठेवला नाही, तसाच धरून बसले, जणू थोडा वेळ दिला तर हात ऐकेल. ताई रडत होती आणि रडता रडता फडकं शोधत होती. "मला किती दिवस सांगणार होतात, कप बारका आहे म्हणून?" ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. मी सोबत गेलो, कारण ताईनं बजावलं होतं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, टॉर्चही दाखवली. डॉक्टरीणबाईनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग सरळ उभी राहिली आणि तिचा आवाज चढला. "काका, निबंध जवळजवळ लिहून झालाय. साहेबांनी लोकांना सांगून ठेवलंय. तुम्ही प्लेट देतानाच का नाही बोललात?"

"पहिली चालली ना," भाऊजी म्हणाले. "मग वाटलं, हीसुद्धा चालेल. हात चालत नाही हे कळू नये म्हणून मीच मला तसं पटवलं."

ती खुर्चीत बसली. "त्याला काही होत नाही, असं मीच म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण ते फक्त त्या प्लेटबद्दल होतं काका."

"हो. आता कळलं."

तिनं त्यांच्यावर राग धरला नाही असं मी म्हणणार नाही. बरेच दिवस ती वर्कशॉपमध्ये उतरली नाही, चिठ्ठ्या माझ्या हाती पाठवायची. दुसरी प्लेट बाहेरून बनवून आणली. तिच्यात आवाज वळणापर्यंत झकास गेला आणि वळणाशी थोडा गळाला. फरक होता, पण डोळ्यांत भरेल असा राहिला नाही. निबंध पुन्हा लिहावा लागला, तारीख हुकली, आणि जी जागा तिला मिळणार होती ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. निबंध शेवटी छापून आला, जरा कमी नावाच्या ठिकाणी. पहिल्या प्लेटबद्दल तिनं त्यात खरं ते लिहिलं होतं: खांब हातानं बसवलेले आहेत आणि अनेकांचे कोन चुकलेले आहेत. त्यामुळेच लाट चुकांना दाद देत नाही हे जास्त पक्कं ठरतं, असंही होतं. तिनं ते मला वाचून दाखवलं, भाऊजींना सांगा म्हणाली. मी सांगितलं. "म्हणजे माझ्या नावावर एवढंच," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर कमी होते, जात नाही. साहेब चांगले होते, त्यांनी भाऊजींना घरी पाठवलं नाही, स्टोअरच्या खिडकीत बसवलं. आता ते स्क्रू आणि वॉशर मोजून देतात. नवीन पोरं येतात आणि मापं न घेता येतात, तेव्हा त्यांना खिडकीतूनच झापतात. तेवढं अजून शाबूत आहे.

डॉक्टरीणबाई दुसरीकडे जायला निघाली त्या दुपारी तिनं पहिली प्लेट स्टोअरमध्ये जमा केली. खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली. "येते काका," एवढंच म्हणाली. त्यांनी मान हलवली. ती दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाले, "लाव जरा." मी काउंटरच्या मागे प्लेट ठेवली, स्पीकर जोडला, मायक्रोफोन जोडला. आवाज शिवणीवरून निघाला, दोन्ही वळणं घेऊन पलीकडे पोचला, मीटरचा काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. भाऊजी झाकणावर उजवा हात ठेवून ऐकत होते. हात थरथरत होता आणि झाकण बारीक वाजत होतं. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हात पटकन उचलला.

"राहू द्या की भाऊजी," मी म्हणालो. "त्याला काही होत नाही."

"हेच ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "म्हणून तर टॉर्च मारली नाही."

खिडकीवर कुणीतरी स्क्रू मागायला आलं होतं. त्यांनी हात खिशात घातला आणि डाव्या हातानं डबा उघडला.