मुंग्या न येणारं गोडाऊन

गोळ्या-चॉकलेटांच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. सुरुवातीला दुकानोदुकानी फिरून ऑर्डरी घ्यायचे, शेवटी दहिसर ते वसई सगळ्या मालाचं वाटप माझ्या हाताखाली आलं. मॅडम विकतात गोड आणि बोलतात तिखट, असं हमाल माझ्या पाठीमागे म्हणायचे. तोंडावर म्हणाले असते तरी मी नाकारलं नसतं.

नवीन गोडाऊन घेतलं की माझी एक रीत होती. माल उतरवण्याआधी कोपऱ्याकोपऱ्यांत संत्र्याच्या गोळ्या फोडून टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. मुंग्यांची रांग कुठून येते ते कळलं, की खोकी तिथून लांब रचायची. ऑफिसातले लोक हसायचे. हसोत बापडे. माझ्या गोडाऊनमधल्या मालाला कधी मुंग्या लागल्या नाहीत.

घोडबंदरला खाडीच्या अंगाला आम्ही एक मोठं गोडाऊन भाड्यानं घेतलं. दिवाळीचा माल तिथेच भरायचा होता. मी गोळ्या टाकल्या. दमट हवेनं त्या विरघळून फरशीवर चिकट डाग पडले, पण मुंगी एकही आली नाही. आठवड्यानंतरही नाही. पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचला म्हणून आमच्या कंपनीचे शेठ खूश झाले. आम्ही माल भरायला घेतला.

पण तिथे पाऊल टाकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. साखरेचा एवढा वास, आणि उंदीर नाही, पाल नाही, माशी नाही. कोपऱ्यात कोळिष्टकसुद्धा नाही. एक मांजर दारापर्यंत यायचं, उंबऱ्याला नाक लावायचं आणि माघारी फिरायचं. एका दुपारी हमाल जेवायला गेले आणि मी खोक्यांमध्ये एकटीच उरले. बाहेर हायवेवर ट्रक घरघरत होते. आत मात्र आपल्याशिवाय जिवंत असं काहीच नाही, असं मला वाटायला लागलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी उगाचच मोठ्यानं खोकले.

मागच्या खोलीत वॉचमन, त्याची बायको आणि त्यांची रांगती मुलगी राहायची. महाडकडची माणसं. पोरगी त्या गार फरशीवर दिवसभर असायची.

"एकदम शांत आहे हो मॅडम, रडतच नाय," तिची आई कौतुकानं सांगायची. नशीबवान आहेस, असं मीही तिला म्हटलं होतं.

त्या दुपारी मी तिच्याकडेच पाणी प्यायला गेले. गुळाचा डबा जमिनीवर उघडा होता.

"अगं, झाकण लाव. मुंग्या लागतील."

"इथे कुठे मुंग्या, मॅडम? आल्यापासनं मी झाकणच लावत नाय."

गुळाचा एक खडा पोरीच्या मुठीत होता. ती तो फरशीवर घासत होती आणि मग चोखत होती. माझ्याकडे बघत होती, पण नजर ठरत नव्हती. मी तिला उचललं, तर ती ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली.

मायलेकींना गाडीत घालून मी दवाखान्याकडे निघाले. वाटेत गोडाऊनचा मालक, गावातलाच म्हातारा, ओटीवर बसलेला दिसला. गाडीतूनच विचारलं, आमच्याआधी तिथे काय होतं?

"औषदांचा गोडाऊन व्हता. शेतावर किडं मारतात ती. पोती फुटायची कदी कदी. आता काय न्हाय, धुतलाय सगला."

डॉक्टरांनी पोरीला ठेवून घेतलं. मी शेठना फोन लावला. अजून एकही खोकं दुकानात गेलं नव्हतं, आणि जाणार नाही, असं सांगितलं.

"दिवाली सर पे है, बेन, और आप चींटी ढूंढ रही हो?"

"मिल नहीं रही शेठ, वही तो बोल रही हूं," मी म्हणाले आणि फोन कापला. तो सगळा माल मी नष्ट करायला लावला. शेठ पुढे कितीतरी महिने माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

दवाखान्याच्या बाकावर तिची आई मला म्हणाली, "ती शांत म्हणून मला बरं वाटायचं. मला कळायला नको होतं का, मॅडम?" मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्यासाठी चहा मागवला.

पोरीला दवाखान्यातून सोडलं तोवर आम्ही वरसाव्याला दुसरी जागा घेतली होती आणि वॉचमनचं बिऱ्हाडही तिथेच हलवलं होतं. मी गोळ्या फोडून टाकल्या. आई पोरीला कडेवरून खाली ठेवेना. "आधी मुंग्या येऊ देत," म्हणाली. रात्रभर पोर तिच्या मांडीवर होती.

सकाळी भिंतीच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग लागली होती. मग तिनं पोरीला खाली ठेवलं. पोरगी अजून मलूलच होती, पण हळूहळू रांगत थेट गोळ्यांपाशी गेली आणि रांगेतच हात घातला. मुंगी चावली असावी. पोरगी आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की बाहेरचे हमाल आत धावत आले.

आईनं तिला लगेच उचललं नाही. फरशीवर बसून, तोंडाला पदर लावून, ती ते रडणं ऐकत राहिली.