प्रिंटर ऑफलाइन आहे

मंठ्यात आमच्या घरापासून झेरॉक्सचं दुकान चालत पाच मिनिटांवर आहे. तरीही मी जालन्याला जाऊन वायफायवर चालणारा प्रिंटर विकत आणला. मला यंत्रांची फार आवड होती म्हणून नव्हे. त्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी होता आणि मला त्याच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा दहावीत असताना शेजाऱ्याच्या वहीतून उत्तरं उतरवायचा. शेजाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी त्याच्या वहीत यायची. एकदा भर वर्गात त्याला उभं करून मी सांगितलं की तुझ्या डोक्यात काही नाही, तू जन्मभर नकलाच काढणार. वर्ग हसला. पुढं त्यानं बसस्टँडच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा आपला अंदाज खरा ठरल्याचं मला समाधानच वाटलं. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांसाठी मी एकदाच त्याच्याकडे गेलो. त्यानं उठून खुर्ची दिली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "हे आमचे सर. नकला काढायचं यांनीच मला सांगितल्तं." सगळे हसले, तोही हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्तच लागलं.

घरात छापील कागदांची गरज खरं तर मला नव्हती, बायकोला होती. लग्न झालं तेव्हा ती बारावी होती आणि बारावीच राहिली. दोन्ही मुली सासरी गेल्यावर, पन्नाशी ओलांडल्यावर, तिनं मला न विचारता मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. विषय मराठी. आता पदवी घेऊन कुठं नोकरीला जाणार, असं मी तिला पाहुण्यांसमोरही विचारलं आहे. ती रविवारी सकाळच्या गाडीनं जालन्याला वर्गाला जायची आणि संध्याकाळी परत यायची.

प्रिंटरची एक सोय अशी होती की मोबाइलवरून कुठूनही पान पाठवलं तरी ते घरी छापून यायचं. ती वर्गात बसून नोट्स पाठवायची आणि इकडे मी जेवायला बसलेलो असताना यंत्र घरघरायला लागायचं. ती घरी आली की मी पानं मोजलेली असायची. एवढी कशाला, दोन्ही बाजूंनी का काढली नाहीस, हे तुला समजणार आहे का, असे माझे प्रश्न ठरलेले होते. ती कागद घ्यायची आणि आत जायची.

दोन महिने हे चाललं. मग एका रविवारी ती आली आणि ट्रे रिकामा होता. "सकाळी पाठवल्तं. काहीच न्हाई आलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तूच चुकीचं बटण दाबलं असशील. मी माझ्या मोबाइलवरून एक पान पाठवलं. अॅपनं ते घेतलं, पाठवलं म्हणून सांगितलं आणि पाच मिनिटांनी लाल अक्षरांत कळवलं की काम झालं नाही, प्रिंटर ऑफलाइन आहे. प्रिंटर माझ्यासमोर टेबलावर चालू होता. त्याच्या कडेचा निळा दिवा लुकलुकत होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी ज्या चिकाटीनं काढले, ती चिकाटी मी कधी कुठल्या विद्यार्थ्यावर खर्च केली नव्हती. प्रिंटर बंद करून चालू केला. वायफायचा डबा बंद करून चालू केला. अॅप काढून परत टाकलं. मोबाइल शुद्ध करतो म्हणून त्यातले नातवंडांचे फोटोही उडवून बसलो. कागद ठेवून नक्कल काढली की ती स्वच्छ यायची. म्हणजे यंत्र धड होतं. मोबाइलवर बातम्या दिसत होत्या. म्हणजे नेट धड होतं. दोन्ही टोकं धड असतील तर बिघाड मधल्या जागेत असणार, असा मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. मधली जागा म्हणजे कंपनीचा क्लाउड. बायकोला मी हे तपशीलवार समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी हिंदीत बोलत होती, कागदावरचं वाचून दाखवत असावी असा तिचा सूर होता. तिनं विचारलं, दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे. मी म्हणालो, दिव्याचा प्रश्न नाही, तुमच्या क्लाउडचा आहे. ती म्हणाली, नेटवर्क पुन्हा एकदा सेट करून बघा. मी तिला सांगितलं की नेट चालू आहे, मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक आहे, ज्याला यातलं समजतं अशा माणसाला फोन द्या. तिनं कुणालाच फोन दिला नाही. तेच वाक्य परत, त्याच सुरात म्हटलं. मी फोन ठेवला आणि अशा पोपटांना पगार कोण देतं, यावर बायकोला पंधरा मिनिटं ऐकवलं.

मदतकेंद्रातल्या त्या मुलीनं सांगितलेली एक गोष्ट मात्र मी केली होती. प्रिंटरवरचं एक बटण दाबून धरलं की तो स्वतःच्या तब्येतीचा अहवाल छापतो. इंग्रजीत बारीक अक्षरांची दोन पानं आली, त्यात नुसते आकडे आणि खुणा. असला कचरा वाचण्यात मला रस नव्हता. रोज एकदा तो अहवाल काढायचो, वरवर बघायचो आणि रद्दीत टाकायचो.

बायकोला पाठकोरा कागद फुकट गेलेला चालत नाही. रद्दीतली ती पानं तिनं काढून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तरांचे कच्चे मसुदे लिहायला लागली. हे मला माहीत नव्हतं. नोट्स येत नव्हत्या तरी तिचा अभ्यास कसा चाललाय, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी ती बाहेरून आली, चप्पल काढली आणि दारातूनच म्हणाली, "आपण वायफायचा पासवर्ड बदलल्ता ना? मंग प्रिंटरला नवा सांगितला का?"

पासवर्ड मी बदलला होता. वरच्या मजल्यावर आमचा भाडेकरू राहतो, बँकेत कारकून आहे. आला तेव्हा मीच मोठेपणानं त्याला वायफाय दिलं होतं. नंतर तो संध्याकाळी क्रिकेट बघतो आणि आपलं नेट मंद होतं, असं माझ्या डोक्यात बसलं. त्याला तोंडावर सांगायचं सोडून मी एका शनिवारी गुपचूप पासवर्ड बदलला. माझ्या आणि बायकोच्या मोबाइलमध्ये नवा घातला. प्रिंटर राहिला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ट्रे रिकामा होता. मला हे दोन दिवस एकमेकांशेजारी ठेवून बघायचं तीन आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

नवा पासवर्ड घालायला मला चार मिनिटं लागली. निळा दिवा स्थिर झाला. मी एक पान पाठवलं, ते आलं. मी म्हणालो, "बघ, लावला शेवटी शोध." बायको स्वयंपाकघरात होती. आतून परातीचा आवाज आला.

मग मी अॅपमध्ये न झालेल्या कामांची यादी बघत बसलो. पहिल्या रविवारी तिनं जालन्याहून एकच फाइल अकरा वेळा पाठवली होती. पुढच्या दोन दिवसांत घरातून आणखी सहा वेळा. बुधवारपासून तिचं एकही काम नव्हतं. त्याखाली सगळी माझीच, रोजची. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं की बुधवारपासून पाठवणं का थांबवलंस.

"दुकानातून काढून राह्यले," ती म्हणाली. "तीन आठवडे होत आले."

कुठल्या दुकानातून, हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं. तिनं पोळी लाटता लाटता सांगितलं की आज एका मसुद्याची नक्कल काढायला दिली, तर त्यानं कागद उलटा करून मागची छापील बाजू वाचली. वाचून म्हणाला, काकू, हा प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही, इथं स्पष्ट लिहिलंय, सरांनी पासवर्ड बदलला का ते विचारा. म्हणून तिनं विचारलं.

मी ती पानं मागून घेतली. पहिल्याच पानावर, वरून चौथ्या ओळीत, 'जोडलेला नाही' असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली कारण होतं. माझ्या घरात तो अहवाल दहा-पंधरा वेळा छापला गेला असेल. मी ज्याच्या डोक्यात काही नाही म्हणून वर्गाला सांगितलं होतं, त्यानं तो एकदा वाचला.

"अभ्यासाचं काही विचारतो का तो?" मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "म्हणून तर बरं वाटतं जायला. किती पानं तेवढं विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन भाडेकरूला नवा पासवर्ड देऊ केला. त्यानं नम्रपणे सांगितलं की त्यानं कधीच स्वतःचं कनेक्शन घेतलंय. चहाही विचारला. मी घेतला नाही. जिना उतरताना तो माणूस मला आधीपेक्षाही नकोसा झाला होता, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता हेही मला कळत होतं.

बायको पहिल्या वर्षाला पास झाली. ते मला गुणपत्रिकेवरून कळलं, आणि गुणपत्रिकाही तिनं दुकानातूनच छापून आणली होती. प्रिंटर चालू आहे, दिवा स्थिर आहे, आणि कुणी काही पाठवत नाही. शाई वाळली तर यंत्र बाद होतं म्हणतात, म्हणून दर रविवारी, ती जालन्याच्या गाडीत बसली की, मी एक रंगीत पान काढतो.