पंच्याखाली ठरलेला साकव

आमच्या आमदारांनी मला फसवलं की मीच स्वतःला फसवून घेतलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. राग मात्र आहे. तो कुणावर धरायचा ते ठरत नाही, म्हणून तसाच पडून आहे.

मी आंब्याचा व्यापारी. बापाच्या नावावर एकही कलम नव्हतं. आधी दुसऱ्यांच्या पेट्या डोक्यावरून वाहिल्या, मग पेट्या भरायला शिकलो, मग लोकांच्या बागा मोहरावरच ठरवून घ्यायला लागलो. हे सगळं मला कुणी दिलेलं नाही, भांडून आणि घासाघीस करून मिळवलेलं आहे. आमच्या धंद्यात त्या काळी भाव तोंडाने ठरत नसे. दोघांनी समोरासमोर बसायचं, हातांवर पंचा टाकायचा आणि पंच्याखाली बोटांनी बोलायचं. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. समोरच्याचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. त्याने उलट आपला अंगठा एकदा दाबला तर नुसतं ऐकलं, दोनदा दाबला तर पक्कं. आणि आपण मूठ वळून त्याच्या हातात दिली तर सौदा मोडला, उठा. एकदा अंगठा दोनदा दाबला गेला की मग तो माणूस शब्दावरून फिरत नाही. फिरला तर पुन्हा त्याच्या हातावर कुणी पंचा टाकत नाही.

ऐंशी सालची विधानसभेची निवडणूक मेच्या अखेरीस आली. आंबा संपत आला होता, मुंबईचे चाकरमानी अजून गावात होते, त्यामुळे वाडी भरलेली होती. मी खळ्यात बसून कॅनिंगवाल्याशी शेवटच्या मालाचा सौदा करत होतो. तो उठून पाणी प्यायला पडवीत गेला आणि तेवढ्यात उमेदवार आले. रत्नागिरीच्या कोर्टातले वकील, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, बरोबर चार-पाच माणसं. पंचा अजून माझ्या हातावरच होता. ते समोर बसले, हसले आणि आपला हात पंच्याखाली घालून म्हणाले, "शेट, आमचाही सौदा होऊन जाऊ दे."

आमच्या वाडीचं एकच दुखणं होतं. वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आणि शाळा, एस्टीचा थांबा, डॉक्टर सगळं पलीकडे. पऱ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे पायपूल. तो दर पावसाळ्यात वाहून जायचा. मग पोरं शाळा बुडवायची आणि आजारी माणसाला डोलीतून कमरेएवढ्या पाण्यातून न्यावं लागायचं. सिमेंटचा साकव म्हणजे आमच्यासाठी अर्धं गाव.

मी मोठ्याने काही बोललोच नाही. त्यांचं एक बोट धरलं आणि मानेने पऱ्याकडे दाखवलं. एक साकव.

त्यांनी माझा अंगठा दाबला. दोनदा.

तेव्हा मला वाटलं, हा वकील आहे खरा, पण हात आपल्यातला आहे. शहरातल्या माणसाला दोनदा दाबायचं कसं सुचेल? संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यांना बोलावून मी सांगितलं, "साकव पक्का झाला. माझ्या हातावर झालाय." वाडीने एकगठ्ठा मतं दिली. वकील आमदार झाले.

पुढची पाच वर्षं मी काय काय ऐकलं ते मलाच ठाऊक. पहिल्या पावसाळ्यात साकव वाहून गेला तेव्हा लोक म्हणाले, नवे आहेत, वेळ लागेल. दुसऱ्या पावसाळ्यात कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्यात गावकर, म्हणजे आमच्या वाडीचा मानाचा माणूस, मला वाटेत थांबवून म्हणाला, "शेट, तुमच्या अंगठ्यावर शाई तर नव्हती?" मी त्याच्यावर असा तडकलो की आठ दिवस आम्ही बोललो नाही. घरी बायको वेगळीच. भाताची रोपं डोक्यावर घेऊन ती पऱ्यातून यायची, लुगडं छातीपर्यंत भिजलेलं. एकदा ओटीवर भारा टाकून म्हणाली, "अवो, साकव पंच्याखाली हाय नव्हं? मंग पंचाच टाका की पऱ्यावर. चालत जाऊ."

मी आमदारांकडे तीन वेळा गेलो. पहिल्यांदा ते मुंबईला होते. दुसऱ्यांदा त्यांनी चहा पाजला आणि "लक्षात आहे, शेट" म्हणाले. तिसऱ्यांदा दारातच गर्दी होती, मी लांबून हात वर केला, त्यांनीही केला. एवढंच. हात वर केल्याचा आमच्या बाजारात काहीच अर्थ होत नाही.

मधल्या काळात एका म्हाताऱ्या दलालाने मला सांगितलं, "त्याचा मामा आपल्याच धंद्यातला होता. ल्हानपणी मामाकडंच वाढलाय तो." म्हणजे त्यांना बोटं कळत होती? मग फिरले कसे? आणि कळत नव्हती, तर अंगठा दोनदा कसा दाबला? या दोन प्रश्नांमध्ये मी कितीतरी दिवस अडकलो. पेटीत आंबे लावतानासुद्धा डोक्यात तेच. एका मालकाशी भाव ठरवताना मीच चुकून त्याचा अंगठा दोनदा दाबला आणि नको तो भाव पत्करावा लागला. त्याचाही राग मी आमदारांच्याच खात्यावर टाकला.

पुढची निवडणूक मार्चच्या सुरुवातीला, शिमग्याच्या तोंडावर आली. आमदार पुन्हा उभे. त्यांची सभा देवळासमोरच्या सहाणेवर होती, जिथे शिमग्यात पालखी बसते. सगळी वाडी जमली. गावकर माझ्या शेजारीच उभा होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. मला कळत होतं की आज प्रश्न आमदारांचा नाही, माझा आहे. वाडीने पाच वर्षांपूर्वी मतं दिली ती माझ्या शब्दावर. तो शब्द खोटा ठरला तर उद्या या लोकांच्या बागा मी कुठल्या तोंडाने ठरवणार?

आमदारांनी भाषण सुरू केलं आणि मला राहवलं नाही. मी पुढे झालो, खांद्यावरचा पंचा काढला आणि म्हणालो, "साहेब, भाषण ऱ्हाऊ दे. हात द्या."

लोक हसले. तेही हसले. सहाणेच्या कडेला बसून त्यांनी हात पुढे केला. मी पंचा टाकला.

मी त्यांची दोन बोटं धरली. दोन साकव. म्हटलं, बघू काय करतो.

त्यांनी अंगठा दोनदा दाबला.

मी चार बोटं धरली. वेड लागलं तरी चार साकव कुणी कबूल करणार नाही. त्यांनी अंगठा दोनदा दाबला.

मग मला इतका राग आला की कानात घण पडायला लागले. मी मूठ वळून त्यांच्या हातात दिली. सौदा मोडला. साधा हमाल असता तरी हात काढून घेतला असता. त्यांनी माझी मूठ दुसऱ्या हाताने वरून धरली आणि अंगठा शोधून तो दोनदा दाबला. चेहरा शांत. मला वाटतं, थोडा थकलेला.

त्या घटकेला मला कळलं की या माणसाला बोटांतलं काहीच कळत नाही. तो सगळ्यांनाच असा हात देत असणार. आणि दुसऱ्याच घटकेला वाटलं, की मग मुठीतून अंगठाच का शोधला?

गावकराने विचारलं, "काय शेट, जमलं?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. मी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणालो, "जमलं."

का म्हणालो? खरं सांगितलं असतं तर पहिला सौदाही खोटा होता हे सांगावं लागलं असतं. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. वाडीने पुन्हा एकगठ्ठा मतं दिली. आणि आमदार पडले.

वाडी माझ्यावर हसली नाही, हे जास्त लागलं. बायको एवढंच म्हणाली, "आता कुणाचा अंगठा धरायचा ते तरी सांगा."

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, एक ओव्हरसियर पऱ्याकाठी दोरी लावून मापं घ्यायला लागला. मी धावत गेलो. त्याने फाइल उघडून दाखवली. नव्या आमदारांनी काम मार्गी लावलं होतं, पण सगळ्यात खाली मागणीचं पत्र होतं ते जुन्या आमदारांचं. तारीख बघितली तर निवडणूक हरल्यानंतरच्या आठवड्यातली. आणि पत्रात दोन साकव मागितले होते.

"दोन कसे?" मी विचारलं.

ओव्हरसियर म्हणाला, "वर पऱ्याला फाटा फुटतो ना, नकाशात दोन पऱ्ये दिसतात. मंजूर एकच झालाय."

नकाशात दोन आहेत म्हणून दोन लिहिले, की मी दोन बोटं धरली म्हणून? मग चारचं काय झालं? आणि मुठीचं? पडलेल्या माणसाने कुणासाठी पत्र लिहायचं? मी सरळ एस्टी पकडून रत्नागिरीला गेलो. वकीलसाहेब कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराचे कागद वाचत होते. मला बघून त्यांनी बाकावरची पिशवी बाजूला केली.

मी विचारलं, "तुम्हाला बोटांचं ठाऊक होतं काय?"

"कसल्या बोटांचं?"

"पंच्याखालच्या."

त्यांनी हातातले कागद खाली घेतले. "शेट, सहाणेवर तुमचा हात थरथरत होता. मला वाटलं, तुम्हाला धीर पाहिजे."

"आणि पहिल्यांदा, खळ्यात?"

"पहिल्यांदा माझा थरथरत होता. पहिलीच निवडणूक ती."

"तुमचा मामा आंब्यातला ना?"

"हो," ते म्हणाले, आणि पक्षकाराने तेवढ्यात कागदावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. तिकडे वळता वळता ते मला म्हणाले, "साकव होतोय ना? मग भांडण कशाचं आहे?"

"पाच वर्षं वाडी पऱ्यातून चालली, त्याचं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, दोन-तीन काळे कोट वळून बघायला लागले. वकीलसाहेबांनी मान हलवली, ती होकाराची की नुसती, तेही मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाआधी साकव पुरा झाला. उद्घाटनाला नवे आमदार आले. मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर. ते बोलले, टाळ्या झाल्या. मग गावकर नारळ घेऊन माझ्याकडे आला. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालून नारळ फोडायचा होता.

"तुमीच फोडा, शेट," तो म्हणाला. "तुमच्या शब्दाचा साकव हाय."

मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की सहाणेवर जमलं म्हणालो ते खोटं होतं. मी मूठ दिली होती.

गावकराला बोटं कळत होती, त्याच्याही चार कलमांचा सौदा मीच करत असे. त्याने विचारलं, "मंग वाडीनं मतं कुणाच्या शब्दावर दिली?"

"माझ्या."

"मंग धरा नारळ." त्याने तो माझ्या हातात दिला. "पण गाऱ्हाण्यात नाव कुणाचं घेऊ? ह्ये साहेब समोर बसलेत, त्यांचं घ्यावं लागंल. वकिलाचं घेतलं तर ह्ये रागावतील. तुमचं घेतलं तर दोघंबी."

मी म्हणालो, "वकिलाचं घे." मग म्हणालो, "नको, ह्यांचंच घे." आणि मग मी त्याच्यावरच खेकसलो, "मला काय विचारतोस, गाऱ्हाणं तुझं हाय."

तो साकवाच्या तोंडाशी उभा राहिला, हात जोडले आणि ग्रामदेवतेला म्हणाला, की बाई, हे काम ज्या कुणी मनापासून केलं असेल त्याचं बरं कर, आणि ज्यानं उगीच उशीर लावला असेल त्यालाही सांभाळून घे.

लोक "व्हय" म्हणाले. आमदार हसून हात जोडत होते. मी नारळ फोडला. मनापासून करणारा आणि उशीर लावणारा, या दोघांतला मी कोण, हे गावकराला विचारायचं राहून गेलं. तो पुढे पाच वर्षांनी वारला.