राख धुवायला येणारे मोतीरामजी

शिडीवर पाय ठेवण्याआधी मोतीरामजी हाक मारत, ‘पोरीहो, वर येऊन राहिलो.’ मग लगेच चढत नसत. हातावरचा तंबाखू मळून होईपर्यंत खालीच थांबत आणि मगच सावकाश वर जात. ही सवय त्यांना आमच्याकडे लागली, आणि लागली ती पहिल्या दिवशी जे घडलं त्यामुळे.

आमचं म्हणजे जीव मुठीत धरून घरातून निघालेल्या बायकांचं निवारागृह. ते लाखनीच्या बाजूला कुठेतरी आहे, एवढंच सांगते. पत्ता न सांगणं हा इथला पहिला नियम आहे आणि अधीक्षिका म्हणून तो मलाच आधी पाळावा लागतो. माझ्या सख्ख्या भावालाही पत्ता ठाऊक नाही, त्यामुळे फाटकाजवळच्या माझ्या खोलीत कधी पाहुणा येत नाही. सवय झाली आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते.

धानाच्या हंगामात शेतातले पंप सुरू झाले की आमची वीज जायची. म्हणून संस्थेनं गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं आणि अड्याळहून मोतीरामजी आले. साठी ओलांडलेला, सडसडीत माणूस. आयुष्यभर विजेच्या खांबांवर कंत्राटी काम केलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी गच्चीत भोकं पाडायचं मशीन लावलं आणि खालच्या खोलीतली एक बाई लेकराला पोटाशी धरून पलंगाखाली शिरली. काही केल्या बाहेर येईना. मी तरातरा वर गेले आणि त्यांच्यावर तोंड सोडलं. माझं तोंड चांगलंच चालतं. वाटलं, आता हा हुज्जत घालणार. त्यांनी मशीन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘माह्या पायाचा आवाज बी जाते का खाली?’

‘जातो.’

त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून हाका सुरू झाल्या. ‘आता मशीन चालू करून राहिलो. दहा भोकं हायेत. मोजत राहा.’ खाली लेकरं मोठ्यानं मोजायला लागली. दहा झाले की मशीन बंद. अकरावं भोक कधी पडलं नाही. तीन दिवसांनी पलंगाखाली शिरलेली ती बाईही ओठातल्या ओठात मोजताना मला दिसली. थांबतो म्हणालेला पुरुष खरोखर थांबतो, याचं आमच्या बायकांना काय अप्रूप होतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

मोतीरामजी मोजकंच बोलत. एकदा मी घाई करायला लागले तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, विजेले विचारल्याबिगर हात लावत नाही मी. माणसाले मात्र लावला जिंदगीभर.’ मी ते बोलणं कानाआड केलं. मला चहा थंड झालेला चालत नाही, आणि त्या वेळी तो होत होता.

काम संपलं, दिवे लागले, आणि पंधरा दिवसांनी मोतीरामजी पुन्हा फाटकात उभे. हातात बादली आणि मऊ फडकं. आमच्या मागे राईस मिल आहे. तिची काळी राख वाऱ्यावर येते आणि काचांवर बसते. ‘राख बसली का पॅनल उपाशी राह्यते,’ ते म्हणाले आणि हाक मारून वर गेले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा आले. मग आठवड्यानंच आले. आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे बायकांना शोधत येणारे पुरुष काय काय सोंगं घेऊन येतात! एकजण तर मतदारयादी तपासायला म्हणून आला होता. हा कोणाचा माणूस असेल?

मी सरळच विचारलं. ‘मोतीरामजी, राख काय आमच्याच गच्चीवर पडते? अड्याळहून इतक्या लांब कशाला येता?’

ते फडकं पिळत राहिले. मग पायरीवर बसले.

‘पोरगी होती मॅडम मले. प्रज्ञा. पवनीकडं देल्ली होती. नवरा मारे. तीन डाव घरी आली आन् तिन्ही डाव म्याच समजवून परत नेऊन सोडली. माह्याच गाडीवर. तिची माय गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. नांदली पाह्यजे, नाही त लोक म्हणतीन बापानं घरी बसवून ठेवली, येवढंच डोक्शात. चौथ्या डाव ते सासरून निघाली, पर माह्याकडं आलीच नाही. दार उघडंच होतं. पर तिले माहीत होतं, बाप गाडी काढीन.’

त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

‘तुमाले नाव विचारत नाही मी. विचारू बी नाही. इथं आलो का वाटते, अशाच कोण्या घरात तिले कोणं आसरा देल्ला असन. पर जिती हाये का नाही, येवढं बी ठाव नाही. तेवढं कळलं असतं त बस होतं.’

ते गेल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं. काढायला नको होतं, पण काढलं. मी इथे रुजू होण्याआधीची नोंद सापडली. प्रज्ञा. वडील मोतीराम, राहणार अड्याळ. ‘घरी कळवायचे का’ या रकान्यात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: वडिलांना कळवू नये, ते परत नेऊन सोडतील. सात महिने राहून ती परिचारिकेचं काम शिकली होती आणि दूरच्या एका शहरात नोकरीला लागली होती. खाली फोन नंबर होता.

मी फोन केला. तुझे वडील आमच्या गच्चीवर येतात, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘मी इथं हावो, हे नका सांगू त्यायले.’

‘नाही सांगत.’

‘शिडी कोण धरते त्यायची?’

‘कोणी नाही. एकटेच चढतात.’

‘डावा गुडघा धरते त्यायचा. चढताना नाही, उतरताना. तेवढी शिडी धरत जा, मॅडम.’

पुढच्या फेरीला मी शिडीपाशी जाऊन उभी राहिले. राख धुऊन झाल्यावर मोतीरामजी उतरू लागले आणि मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. त्यांनी खाली पाहिलं.

‘काहून मॅडम? आज काहून धरली?’

‘उतरताना तुमचा डावा गुडघा धरतो ना,’ मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि चूक माझ्या ध्यानात आली. मोतीरामजी कधी लंगडले नव्हते. गुडघ्याबद्दल त्यांनी इथे कोणाला एक शब्द सांगितलेला नव्हता. ते तिसऱ्या पायरीवर तसेच उभे राहिले. इतकी वर्षं नवऱ्यांपासून, सासरच्यांपासून, पोलिसांपासून सांभाळलेला, इथल्या बाईची खबर बाहेर न देण्याचा नियम मी एका गुडघ्यापायी मोडला होता.

मोतीरामजी उतरले. पंच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. ‘काही सांगू नका मॅडम,’ ते म्हणाले. ‘आता काहीच सांगू नका.’ मग बादली आणि फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. राख कशी धुवायची ते समजावलं, सकाळी काच थंड असतानाच पाणी टाकायचं, घासायचं नाही. ‘मी आता नाही येणार. बाप पुन्हा मांगं लागला असं तिले वाटलं नाही पाह्यजे.’

‘तुम्ही नुसतं राख धुवायला आलात तर काय होतं?’ मी म्हणाले. मला ते जायला नको होते. आठवड्या-पंधरवड्यानं फाटकात कोणीतरी ओळखीचं उभं राहतं, याची मलाही ओढ लागली होती.

‘आता मले ठाव हाये ना,’ ते म्हणाले. ‘ठाव नव्हतं तवा येनं येगळं होतं. जय भीम, मॅडम.’

ते गेले ते गेलेच. महिना झाला तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. आपणहून केलेला पहिलाच. ‘येतात का अजून?’

मी तिला सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. ती रागावेल, या तयारीनं मी बसले होते.

‘मी कुठं हावो, हे विचारलं नाही त्यायनं?’

‘नाही. काहीच सांगू नका म्हणाले.’

ती म्हणाली, ‘पहिल्या डाव माहं ऐकलं त्यायनं.’ आणि फोन ठेवला.

हे वाक्य अड्याळला जाऊन त्यांच्या हातात द्यावं, असं मला रोज वाटतं. तिनं सांगा म्हटलेलं नाही. सकाळी काच थंड असताना मी वर जाते आणि राख धुते.