पाव आटा मोकळा

चालू इंजिनाशेजारी कोणी बोललेलं कळमनुरीच्या चाचांना खपत नसे. सरपंच असो की बँकेचे साहेब, चाचा हातातला पाना वर करायचे. "जरा थांबा. ते काय सांगून राहिलं, ऐकू द्या." मग डोळे मिटून, मान तिरकी करून कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे. मोटरसायकल असो की फवारणीचा पंप, त्यांच्या हातून गेलेलं इंजिन त्याच तक्रारीसाठी परत येत नसे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. रिटायर होण्याआधी स्वतः बनवलेलं विमान उडवायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. दोन वर्षं खपून हलक्या लाकडाचं विमान केलं, लिंबाएवढं इंजिन मागवलं. ते सुरू व्हायचं आणि खोकून बंद पडायचं. शेवटी चाचांकडे नेलं. त्यांनी तळहातावर घेऊन पाहिलं. "हे तर लेकरू हाय, सर. पण रडंल मोठ्यानं."

आमच्याकडे गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला टाकतानाच बजावतं, अ‍ॅव्हरेज मिळालं पाहिजे. चाचांनी उभा जन्म हेच ऐकलेलं. सवयीने त्यांनी कार्बोरेटरची सुई आवळली, तेल कमी केलं आणि इंजिन शिट्टीसारखं गायला लागलं. मी खूश. माळावरून विमान उडालं, नाक वर करून चढलं आणि इंजिन बंद. शेजारच्या तुरीत पंख मोडून पडलं. मी तसाच दुकानात गेलो आणि इंजिन टेबलावर आपटलं. "तुमच्या अ‍ॅव्हरेजनं घात केला, चाचा." आज त्या बोलण्याची लाज वाटते.

ते भांडले नाहीत. "काहून बंद पडलं?" एवढंच विचारलं. मी शिक्षकी थाटात सांगितलं, नाक वर झालं की तेल कमी पोचतं. "म्हंजी चढावर उपाशी राहिलं. चूक माझी हाय. तुमी पंख जोडा, हे मी बराबर करतो."

महिन्याने विमान घेऊन गेलो. इंजिन सुरू होतं आणि मी शेजारी उभा राहून काहीबाही बोलत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, चाचांनी मला गप्प केलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि बोटं पंखावर टेकलेली. मी इंजिन बंद केलं. ते ओशाळले. "दोन वर्षं झाली, सर. जवळचं बोलणं ऐकू येतं, पण इंजिनाचं कानाला काई कळंना. कोणाला सांगू नका. बहिऱ्याकडं इंजिन कोण आणंल?"

मग त्यांनी मला त्यांची नवी रीत दाखवली. इंजिन पुरतं पळेपर्यंत सुई आवळायची, मग पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मोकळी करायची, की तेल जरा जास्त जातं. तेलात एरंडेल असतं, त्यामुळे मागून पांढरा धूर निघतो. विमानाचं नाक आभाळाकडे धरून त्यांनी तो धूर पाहिला, पंखाची थरथर बोटांनी तपासली. "धूर दिसून राहिला तंवर याच्या पोटात तेल हाय. जिमिनीवर थोडं कमीच पळू द्या."

दुसऱ्या दिवशी माळावर ते स्वतः आले. विमान चढत होतं आणि मला धीर निघेना. "चाचा, टिकेल ना?" त्यांनी वर बघतच हात उचलला. "जरा थांबा. बघू द्या." पांढरी रेघ तुटली नाही. आठ फेऱ्या मारून विमान नीट उतरलं. मी म्हातारा माणूस, पण चाचांना मिठी मारून रडलो.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. मी मयतीला गेलो होतो. कबरस्तानाबाहेर त्यांची सगळी गिऱ्हाइकं उभी होती. "असा कान पुन्हा व्हायचा न्हाई," एक जण म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शेवटची काही वर्षं मीच त्यांच्या दुकानात पडून असे.

"व्हय," मी म्हणालो, "न्हाईच व्हायचा."